सहा महिने एकोणीस दिवस

चाकण, पुणे
९ जून २०२५

ती. आत्यास,

निशाचा सप्रेम जय भीम. वि. वि.

फोनवर तुला माझं अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनानं जुळवतेस, म्हणून हे पत्र. मागच्या वेळी मी ‘अर्ज भरतेय’ म्हणाले ते तू ‘कर्ज भरतेय’ ऐकलंस आणि सम्यकला वीस मिनिटं झापलंस. बिचारा अजून विचारतो की नवऱ्याच्या अपरोक्ष कुठलं कर्ज काढलंस.

अर्ज कॅनडाचा आहे. कुशल कामगार म्हणून कायमचं राहायला जाण्याचा. तू कपाळाला आठ्या घालशील, ते इथून दिसतंय. पण अकरा वर्षं मी कारखान्यात सुटे भाग मोजते आहे. केसाहून बारीक चूक पकडते. दर वर्षी करार नवा, टेबल तेच, आणि बढतीच्या यादीत मी शिकवलेल्या पोरांची नावं. आता राग येत नाही, नुसता शीण येतो.

तिकडे सगळं गुणांवर चालतं. शिक्षणाचे, अनुभवाचे, वयाचे. सख्खा भाऊ तिथं राहत असेल तर पंधरा जास्त. राजूदादा सहा वर्षांपासून तिथं ट्रक दुरुस्त करतोय, म्हणून ते पंधरा मला मिळतात. ते धरले तर मी निवडीच्या रेषेच्या जराशी वर आहे, सोडले तर खाली. डिसेंबरात मला छत्तीस पूर्ण होतील आणि वयाचे गुण आणखी कापले जातील. तेव्हा जे काय करायचं ते ऑक्टोबरच्या आत.

प्रश्न वकिलाचा आहे. सम्यक म्हणतो आपणच भरू, फॉर्म काय सगळेच भरतात. तुझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर तुझ्याच विद्यार्थ्याचं, विश्वजीतचं, परदेशी जाण्याचे कागद करून देण्याचं ऑफिस आहे. तो म्हणतो वकील हवाच कशाला, ताई, मी बसलोय ना. आणि दादाच्या ओळखीच्या तिथल्या एक वकीलबाई आहेत, त्यांची फी म्हणजे माझा तीन महिन्यांचा पगार. तू सांगशील ते करीन.

आणखी एक काम. भावाचं नातं दाखवायला दोघांचे जन्मदाखले लागतात. माझा घाटी दवाखान्यातला आहे. दादाचा कधी काढलाच नाही; त्याचं पासपोर्टपर्यंत सगळं शाळेच्या टी.सी.वर निभावलं. तू गावी जाऊन शाळेचा उतारा आणि ग्रामपंचायतीतला दाखला आणशील का? तुला तिथं कोणी नाही म्हणणार नाही.

गुडघा जप. माया कर, पण आठ्या जरा कमी घाल.

तुझी,
निशा

---

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
१६ जून २०२५

चि. निशास,

अनेक आशीर्वाद. पत्र पोचले. वि. वि.

प्रथम व्याकरण. ‘भरतेय’, ‘करतोय’ हे बोलण्यात ठीक आहे. लिहिताना ‘भरत आहे’ लिहावे. अर्ज मराठीत करायचा नाही हे तुझे नशीब.

जायचे की नाही हे मी सांगणार नाही. तू विचारलेसही नाहीस. वकिलाचे विचारलेस, त्याचे उत्तर सोपे आहे: करू नकोस. वकील त्याने करावा ज्याला काही लपवायचे आहे किंवा कोणाचे काही काढून घ्यायचे आहे. तुझे शिक्षण खरे, नोकरी खरी, भाऊ खरा. खऱ्याला वकील कशाला? एकतीस वर्षे नोकरी केली आणि पेन्शनसाठी चार वर्षे हेलपाटे घातले, पण मधे माणूस घातला नाही. फॉर्म पुन्हा पुन्हा वाचावा, सूचना आधी वाचाव्यात, खाडाखोड करू नये. एवढे जमत नसेल तर परदेशी जाऊन काय करणार?

विश्वजीतच्या दारात तर पाऊल ठेवू नकोस. चौथीत असताना तो दुसऱ्याच्या पाटीवरचे उत्तर खोडून आपले म्हणून दाखवायचा. आता काचेच्या दाराच्या ऑफिसात बसतो, एवढाच फरक. परवा रस्त्यात भेटला, पाया पडला, आणि बाईंचे संस्कार म्हणून चारचौघांत मोठ्याने बोलला. मला लाज वाटली.

इकडे नळाला आठव्या दिवशी पाणी येते. ज्या दिवशी येते त्या दिवशी मी घर सोडत नाही. त्यामुळे गावी पुढच्या आठवड्यात जाईन. सम्यकला सांग, कर्जाबद्दल मी शब्द मागे घेते. बाकीचे जे बोलले ते तसेच राहू दे.

लोभ आहेच, तो कागदावर मागावा लागत नाही.

तुझी आत्या,
मनकर्णा

---

चाकण
२९ जून २०२५

ती. आत्यास,

सप्रेम जय भीम. वि. वि.

तुझ्या सल्ल्याप्रमाणे सूचना आधी वाचल्या, फॉर्म तीनदा वाचला. चौथ्यांदा भरायला बसले तेव्हा एक गंमत दिसली. गंमत म्हणून सम्यकला दाखवली. तो हसला, मीही हसले, आणि मग दोघांनीही बोटांवर महिने मोजले.

भावंडांच्या जन्मतारखा लिहायच्या होत्या. राजकुमार सांडू: १ जून १९८९. निशा सांडू: २० डिसेंबर १९८९. मोजून बघ. सहा महिने एकोणीस दिवस. एकाच आईची दोन लेकरं!

इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? दादाचा वाढदिवस आपण कधी केला नाही, माझा केक सम्यकनं लग्नानंतर आणायला सुरुवात केली. दोघांचे कागद शेजारी ठेवायची वेळच आली नव्हती. माझी तारीख दवाखान्याच्या शिक्क्याची, म्हणजे दादाची चुकली. कडुबा गुरुजींनी लावली असणार. त्यांच्या वर्गातली निम्मी पोरं एक जूनचीच होती.

घाबरून मी विश्वजीतला फोन केला. (पाऊल नाही ठेवलं, फोन केला.) तो म्हणाला एवढंच ना, ताई, सावत्र भावाचेही तेवढेच गुण मिळतात. दादाच्या दाखल्यावर आईचं नाव दुसरं टाकू, म्हणजे तुमच्या वडलांच्या दोन बायका झाल्या, आणि मग सहा महिनेच काय, सहा दिवसांचं अंतर असलं तरी चालतंय. पंधरा दिवसांत दाखला आणून देतो म्हणाला. मी फोन ठेवला. पण खोटं कशाला सांगू, ठेवण्याआधी क्षणभर विचार केला.

दादा मात्र हादरलाय. त्याचा तिथल्या नागरिकत्वाचा अर्ज यंदा जायचाय. म्हणतो, माझं नाव घेऊ नकोस, माझी तारीख खोटी निघाली तर मला कोण ठेवून घेईल. खोटी माहिती दिली असं ठरलं तर पाच वर्षांची बंदी असते. माझे गुण, त्याचं घर, सगळं एका तारखेला टांगलंय.

आता तरी वकील करू का? गावच्या कागदांचं काय झालं?

पत्राची वाट बघते. रागावली असलीस तरी लिही.

निशा

---

उस्मानपुरा
१० जुलै २०२५

चि. निशास,

आशीर्वाद.

गुडघा दुखतो. गावी जाणे झाले नाही, होईलसे वाटत नाही.

राजूचे नाव काढून टाक. पंधरा गुणांसाठी भावाला अडचणीत आणणे बरे नव्हे. जुन्या नोंदी उकरून कोणाचे भले झालेले मी पाहिले नाही. वकील नको. तो एकाचे दहा प्रश्न करील. गुण कमी पडत असतील तर दुसरी परीक्षा दे, इंग्रजीचे वाढव. तुझे इंग्रजी नाहीतरी कच्चे आहे.

कडुबा गुरुजी वारले. गेलेल्या माणसावर काही ढकलू नये.

प्रकृती सांभाळ.

आत्या

---

चाकण
२१ जुलै २०२५

ती. आत्यास,

सप्रेम जय भीम. वि. वि.

तुझं पत्र एवढुसं होतं की मला वाटलं दुसरं पान पाकिटात राहिलं. पाकीट फाडून बघितलं.

शुक्रवार-शनिवार सुट्टी काढली आणि मीच गावी गेले. फुलंब्रीपर्यंत बस, पुढं रिक्षा. आईला आधी काहीच सांगितलं नव्हतं. विश्वजीतची आयडिया सांगितली मात्र, तिनं भाकरी तव्यावर टाकून दिली. म्हणाली, माझ्या पोटचं लेकरू कागदावर सवतीचं करतो व्हय तो भाड्या, आन् मेलेल्या माणसाला दुसरी बायको आणून देतो? जितेपणी एकीला लुगडं आणायचं तर त्याला सहा महिने लागायचे! भाकर करपली तरी ती बोलतच होती. आई लई दिवसांनी एवढी बोलली.

ग्रामपंचायतीतली नोंद सापडली. राजकुमार, १९ ऑगस्ट १९८८. आईचं नाव केसरबाई, वडील सांडू. म्हणजे दादा माझ्याहून सोळा महिन्यांनी मोठा आहे. सगळं सरळ आहे.

मग शाळेत गेले. नव्या हेडमास्तरांनी जनरल रजिस्टर काढून दिलं. जून १९९४चं पान. दादाचं नाव सापडलं, पुढं १ जून १९८९.

आत्या, ते अक्षर कडुबा गुरुजींचं नाही. ‘र’ची शेपटी खाली ओढायची सवय मला पाठ आहे. लहानपणापासून तू माझी प्रत्येक वही लाल शाईनं तपासलीस, ‘भरतेय’ला अजून तपासतेस. आईला विचारलं तर ती म्हणाली, तुझी आत्याच त्या टायमाला शाळेत होती की, आपल्याच घरात राहायची, आन् राजू झाला तवा साळूबाई दाईच्या शेजारी तीच बसलेली.

मी काही विचारत नाही. भांडायचंही त्राण नाही. तू मला वकील नको म्हणालीस, दोनदा. पहिल्यांदा का म्हणालीस ते कळलं होतं. दुसऱ्यांदा का, एवढंच कळत नाही.

रात्रपाळी आहे, आवरते. तू आमचीच आहेस, त्यात बदल नाही.

निशा

---

उस्मानपुरा
३० जुलै २०२५

चि. निशास,

आशीर्वाद. वि. वि.

अक्षर माझे आहे.

तू विचारले नाहीस, तरी सगळे लिहिते. १९ ऑगस्ट १९८८, शुक्रवार. दुपारच्या सुट्टीत मला शाळेत घरून बोलावणे आले. राजू झाला तेव्हा मी खोलीत होते. तारखेची चिठ्ठी ग्रामसेवकाकडे मीच पाठवली, म्हणून ती नोंद तुला सापडली.

जून चौऱ्याण्णवमध्ये सांडू त्याला घेऊन शाळेत आला. ज्या आईबापांना तारीख सांगता येत नसे त्यांच्या मुलांना आम्ही एक जून लावत असू. आजूबाजूच्या शाळांतही तोच शिरस्ता होता. पण राजूचे तसे नव्हते. तारीख मला माहीत होती, आणि मी एक जून लिहिली, वर्षही पुढचे लिहिले. माझ्या मनात सरकारी भरतीची वयोमर्यादा होती. आपल्या मुलांना उशिरा संधी मिळते, दहा महिने हाताशी असावेत, असा माझा हिशेब. सांडू म्हणाला होता की अक्का, खरी हाय ती लिही ना. मी त्याला म्हणाले की तुला यातले कळत नाही. नागसेनवनातल्या कॉलेजातून बी.ए. झालेल्या बहिणीपुढे तो काय बोलणार?

राजूने सरकारी भरतीचा फॉर्म कधी भरलाच नाही. त्या दहा महिन्यांचा त्याला काडीचा उपयोग झाला नाही.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. तुझे नाव कडुबा गुरुजींनी दवाखान्याच्या कागदावरून घातले आणि बरोबर घातले. त्यामुळे दोन तारखा शेजारी मी कधी पाहिल्या नाहीत. तुझे २९ जूनचे पत्र वाचले तेव्हा प्रथम पाहिल्या. गुडघा नेहमीएवढाच दुखत होता.

राजूचे नाव सोड असे लिहिले, ते त्याच्यासाठी नव्हते. माझ्यासाठी होते. दिवाणखान्यात आदर्श शिक्षिकेची फ्रेम आहे. ती काढली नाही, पण आठ दिवस त्या खोलीत बसले नाही.

वकील कर. विश्वजीत नको, तिथल्या त्या बाईच कर. आपल्याकडे लपवलेले आहे आणि ते आता नीट उघडे करायचे आहे; ते आपल्याला येत नाही. मी काय लिहून द्यायचे ते त्यांना विचार. राजूलाही मी वेगळे पत्र टाकले आहे. क्षमा मागितली आहे. मला ते नीट लिहिता आले नाही, तीन कागद फाडले.

केसरला सांग, मी येऊन जाईन.

रागावलीस तर तो तुझा हक्क समजते.

आत्या

---

चाकण
१४ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,

सप्रेम जय भीम. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मग सम्यकला वाचायला दिलं आणि मी कपडे वाळत घातले. राग आला होता, नाही म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी कमी झाला. आता शोधला तर सापडेल, पण कोण शोधत बसतं.

वकील केली. तासभर व्हिडिओवर बोललो, मी, सम्यक, आणि तिकडून दादा. मला वाटलं होतं त्या पळवाट सांगतील. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला की खरं काय झालं ते क्रमानं सांगा. म्हणाल्या, दादा तेव्हा पाच वर्षांचा होता, ती चूक त्याची नाही. पण आता कळल्यावर गप्प बसला तर ती त्याची होईल. म्हणून आधी त्याच्या फाइलमध्ये त्यानं स्वतःहून खुलासा द्यायचा, मगच नागरिकत्वाचा अर्ज. आणि माझ्या अर्जासोबत ग्रामपंचायतीचा खरा दाखला, शाळेचा उतारा, आणि ज्यांनी ती तारीख लिहिली त्यांचं प्रतिज्ञापत्र. इंग्रजी भाषांतर त्या करून घेतील.

तुझं पत्र तोवर दादाला पोचलं होतं. तिसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला की तो तयार आहे, आणि आत्याला सांग, एवढं लिहायला तिला किती त्रास झाला असंल.

आता अवघड भाग. वकीलबाईंनी विचारलं की लिहिणाऱ्या बाईंना खरी तारीख माहीत नव्हती ना? तसं असेल तर सोपं आहे. असे एक जूनचे अर्ज त्यांनी पुष्कळ पाहिलेत, अधिकारीही पाहतात, कुणी फार विचारत नाही. माहीत असून लिहिली असेल तर मात्र त्या भरवसा देत नाहीत. अधिकारी समजून घेईल किंवा घेणार नाही. मी म्हणाले, विचारून सांगते.

आत्या, तू ‘माहीत नव्हती’ असं लिहिलंस तर मी तोंड उघडणार नाही. दादाही नाही. आईला तर कुणी विचारायलाच जाणार नाही. साळूबाई वारून पंधरा वर्षं झाली. तुझी फ्रेम जागेवर राहील आणि माझे गुणही. मी तुला लिही म्हणत नाही, नको लिहूस असंही म्हणत नाही. मला खरंच कळत नाही काय म्हणायचं. मोजायचं काम असतं तर मी मोजलं असतं.

तू ठरवशील ते मला चालेल. जीव लावलास तसाच लावत राहा.

निशा

---

उस्मानपुरा
२७ ऑगस्ट २०२५

चि. निशास,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

प्रतिज्ञापत्र सोबत आहे. दोन प्रती, दोन्हींवर सही आणि नोटरीचा शिक्का. ओले होऊ नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले आहे, ती फेकू नकोस.

टाइप करणाराचे नाव पुंडलिक. कोर्टाबाहेर छत्रीखाली बसतो. मी सांगत गेले, तो बडवत गेला. ‘सदर मुलाची खरी जन्मतारीख मला माहीत होती’ या वाक्यावर त्याने हात थांबवला. म्हणाला, मावशी, ‘नक्की माहीत नव्हती’ टाकू का? लई जण तसंच टाकतात, काम हून जातं. मी म्हणाले की जे सांगते ते टाइप कर. त्याने टाकले, पण ‘होती’च्या जागी ‘नव्हती’ टाकले, सवयीने असेल. मी सारे पुन्हा करून घेतले. नवा स्टॅम्पपेपर लागला. शेवटी तो म्हणाला की मास्तरीण दिसता. तेवढे त्याने बरोबर ओळखले.

तुझे पंधरा गुण माझ्या त्या एका वाक्यावर आहेत, हे मला कळते. तू जाशील की इथेच ते टेबल सांभाळत राहशील, हेही त्यावरच. म्हणून हे तुला न विचारता लिहिणे म्हणजे पुन्हा तुझ्या वतीने ठरवणेच झाले. सांडूच्या वेळी केले तेच. चार दिवस यावर विचार केला आणि निकाल लागला नाही. पण माझ्या एका खोट्यासाठी तू वकील केलीस. दुसऱ्यासाठी मग कोणाला करशील? राजूने आपल्या फाइलमध्ये खरे लिहायचे आणि त्याखाली मी खोटी सही करायची, हे मला जमले नाही. तुला हा कागद लावायचा नसेल तर लावू नकोस. तुझ्या वकीलबाईंना दाखव, मग तू ठरव. या वेळी मी ‘तुला कळत नाही’ म्हणणार नाही.

गावी जाऊन आले. केसर बोलली नाही, पण जेवायला वाढले, आणि निघताना शेंगांची पिशवी दिली. शाळेत मी ते रजिस्टर मागवून घेतले. त्या वर्षीच्या एकतीस नावांपैकी बावीस एक जूनची आहेत. सगळी माझ्या हातची. हेडमास्तर घाबरले. म्हणाले, बाई, हे लेखी देऊ नका, उद्या गाव रांग लावील.

रांग नाही, पण परवा एक मुलगी आली. साळूबाईची नात, मोनाली. शेंद्र्याच्या कंपनीत आहे, तिला बाहेर पाठवणार आहेत, आणि तिच्या कागदांत दोन तारखा निघाल्या. तिला कोणीतरी सांगितले की बाई लिहून देतात. दारात उभी राहिली, आत यायला तयार नव्हती. पाणी दिले तेव्हा आली.

तिची आई नाव घालायला आली तेव्हा म्हणाली होती की पोळ्याच्या आसपासची आहे, कोणत्या साली ते आठवत नाही. तिची तारीख मला खरोखर माहीत नव्हती. तेही तसेच लिहीन. पुंडलिकाला बरे वाटेल. उद्या सकाळी जाते, उद्या पाण्याचा दिवस नाही.

कागद पोचल्याचे कळव. आणि काय ठरवलेस तेही, ते काहीही असो.

माझे तुझ्यावर आहे ते आहेच. तुझे उरले असेल तेवढे ठेव.

तुझी आत्या,
मनकर्णा